जिवंत वजन

१

मामा कुठल्याही जुन्या बोटीला आधी हात लावत नसे. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारायचा, जणू बोट त्याच्या गावीही नाही आणि तो आपला जेवणानंतरची शतपावली करतोय. दुसरी फेरी उकिडवं बसत बसत. तेव्हा रंगावर फोड आलेत का ते तो बघायचा. फोड फोडून आतल्या पाण्याला आंबट वास येतो का, स्क्रूच्या भोकांतून गंजाचे ओघळ उतरलेत का, कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्यात का, सगळं बघायचा. आणि सगळ्यात शेवटी खिशातून लाकडी हातोडी काढायचा.

"फायबरची बोट म्हाताऱ्या माणसासारखी असते, पोरी," तो सांगायचा. "बाहेर पडताना रंग लावून निघते. दुखणं सगळं हाडात असतं. ते डोळ्यांना नाही, कानांना कळतं."

तो वीतवीतभर अंतरावर ठोकत जायचा. थर एकमेकांना घट्ट धरून असले की खणखणीत आवाज येई. मग मामा म्हणायचा, "बोलते." आत पाणी मुरलं असेल, थर सुटले असतील, तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. मग तो म्हणायचा, "गप्प आहे," आणि खडूने गोल करायचा. धक्क्यावर अशी म्हण पडली होती की मिस्त्रीने गोल केलेली बोट फुकट दिली तरी घेऊ नये.

त्या दिवशी तो आपल्या भाचीसाठी बोट बघत होता. भाची म्हणजे धक्क्यावरची काटेवाली. मासळी मोजायच्या काट्यावर ती अठरा वर्षं बसत होती. काही जण तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे काटा, कारण पाव किलोही ती इकडचं तिकडे होऊ देत नसे. बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. मामा तिला कडेवर घेऊन घरी आला आणि तेव्हापासून कुणीही विचारलं की सांगायचा, मला दोन पोरं. एक ही आणि एक मुलगा.

तिच्या नवऱ्याने बावीस वर्षं लोकांच्या बोटींवर काढली होती. आता गाठीचं होतं नव्हतं ते घालून स्वतःची घ्यायची, असं दोघांनी ठरवलं होतं. दलालाने दाखवलेली ही बोट बावीस फुटी होती, सतरा वर्षांची. "बावीस वर्षांना बावीस फूट. वर्षाला फूट पडला," नवरा म्हणाला, आणि स्वतःच हसला. मालक दूर दुसऱ्या शहरात गेलाय, कागदांचं मी बघतो, असं दलाल म्हणत होता.

मामाने सगळं बघितलं. इंजिन धरून ठेवणारी मागची फळी हाताने दाबून बघितली. आतल्या आडव्या पट्ट्या, तळाचा वास, डिझेलच्या टाकीचे सांधे, काही म्हणजे काही सोडलं नाही. मग हातोडी घेऊन तो पुढून मागे ठोकत निघाला. बोलते, बोलते, बोलते. मागे डाव्या हाताला, मासळीच्या खणाजवळ, त्याने एकदा ठोकलं आणि तो थांबला. कान फायबरला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काय रे मामा?"

मामाने हातोडी खिशात टाकली. कपाळावरचा घाम पुसला. उन्हाचा दिवस होता.

"काही नाही," तो म्हणाला. "बोलते."

बोटीवर एकही गोल नव्हता. दोन दिवसांनी दलालाच्या टेबलावर मामाने कागदावर जिथे बोट ठेवलं, तिथे नवऱ्याने सही केली. काटेवाली आयुष्यात वजनाची एकही चिठ्ठी वाचल्याशिवाय पुढे सरकवत नसे. पण त्या दिवशी तिने काही वाचलं नाही. मामाने वाचलं होतं.

२

बोट पाण्यात उतरवली त्या सकाळी धक्क्यावरचे दहा-बारा जण बघायला आले. नवऱ्याचे कान लाल झाले होते. त्याला कौतुक सोसत नसे. क्रेनने बोट अलगद टेकवली, पट्टे सैल झाले आणि ती तरंगली.

काटेवालीच्या मनात आधी काही आलंच नाही. डोळ्यांना मात्र खुपलं. बोटीच्या अंगावर जुन्या पाण्याची रेघ होती. वर्षानुवर्षं पाणी जिथवर चढतं तिथे शेवाळाचा डाग धरतो, घासला तरी पुरता जात नाही, तशी. बोट त्या रेघेपर्यंत बुडायला हवी होती. पुढे तशीच बुडाली. मागे डावीकडे मात्र रेघ दोन बोटांएवढी पाण्याखाली गेली.

आत कुणी नव्हतं. नवरा अजून धक्क्यावरच उभा होता.

तिने मामाला दाखवलं. मामा म्हणाला, जुनी बोट पाणी पिते, पायाखालच्या तक्त्याच्या आत फोम भरलेला असतो, तो ओला झाला की बोट जरा बसते. खरं होतं ते. लहानपणापासून त्याच्याकडूनच ती ते ऐकत आली होती. तिने मान हलवली.

पण ती अठरा वर्षं वजनं बघत आली होती. पाणी मुरलं तर ते पसरतं. हे पसरलेलं नव्हतं. एका जागी होतं, मागच्या डाव्या कठड्यापाशी, माणूस पाय सोडून निवांत बसतो त्या जागी.

नवरा उडी मारून बोटीत उतरला. तोल सांभाळायला तो आपसूक उजवीकडे उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "तुम्ही पण या, मामा," तो म्हणाला.

मामाने गुडघ्यावर हात ठेवला आणि दुखतंय अशी खूण केली. पंधरा दिवसांपूर्वी तो याच बोटीवर तासभर रांगला होता.

३

आठवडाभराने तिने बोट क्रेनला लटकवली. नवऱ्याने कुरकुर केली, पण तिचा स्वभाव त्याला माहीत होता. मनात एकदा कुसळ रुतलं की ते काढल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

तिने टाकी रिकामी करून घेतली. बर्फाच्या पेट्या, दोर, नांगर, सगळं उतरवलं. बनवणाऱ्याची पाटी मागच्या फळीवर होती. तिच्यावर रिकाम्या बोटीचं वजन कोरलेलं होतं. त्यात तिने इंजिन धरलं, नवीन केबिनचं लाकूड धरलं, सतरा वर्षांच्या रंगाचे थर धरले. सगळं धरूनही त्र्याहत्तर किलो उरत होते.

"काटा चुकीचा असेल," मामा म्हणाला. तिने बोलावलं म्हणून तो आला होता.

क्रेनचा काटा ती आदल्या दिवशीच ठरावीक वजनं लावून तपासून बसली होती.  मामाने तक्त्याला चार ठिकाणी भोकं पाडली, त्यातली दोन मागे डावीकडे. ड्रिलच्या टोकाला फोमचा चुरा आला. पांढरा, हलका, ठणठणीत कोरडा. मामाने तो चिमटीत चोळला आणि वाऱ्यावर सोडून दिला. पण वारा नव्हता. चुरा सरळ खाली पडला.

तेव्हा तिचं लक्ष पुन्हा काट्याकडे गेलं.

भर दुपार होती. क्रेनचं इंजिन बंद. बोट पट्ट्यांत लटकलेली, इतकी स्थिर की तिची सावलीही हलत नव्हती. आणि तबकडीवरची सुई हलत होती. फार नाही. केसभर वर, केसभर खाली. थोडं थांबून पुन्हा वर, पुन्हा खाली.

ही हालचाल तिच्या ओळखीची होती. मेलेली मासळी काट्यावर टाकली की सुई एकदा उसळते आणि बसते. ते वजन पडून राहतं. पण कधी कुणी गंमत म्हणून तान्हं मूल काट्यावर ठेवायचं, कधी कुणी बकरी उभी करायचं. तेव्हा सुई बसत नाही. जिवंत वजन काट्यावर श्वास घेतं.

तिने मामाकडे पाहिलं. मामाही सुईकडेच बघत होता.

"आता घेतलीच आहे ना," तो हळू म्हणाला. "जाऊ दे तिला पाण्यात. उगाच खोट काढू नकोस."

४

मासळी मात्र चांगली लागत होती. नवरा पहाटे जायचा, उन्हं तापायच्या आत परतायचा. काट्यावर माल टाकताना तो पूर्वीसारखा थट्टा करायचा, "बघा हं बाई, घरचा म्हणून जास्त धरू नका." मग हळूहळू थट्टा बंद झाली. मग तो बोलणंही मोजून मापून बोलायला लागला.

दोघं जाळ्यांच्या गोदामाच्या वर राहत. वर जायला बाहेरून लोखंडी जिना होता, सतरा पायऱ्यांचा. इतकी वर्षं तो दोन दोन पायऱ्या एकदम चढायचा. आता ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. पायरी कुरकुरायची. थोडं थांबून तीच पायरी पुन्हा कुरकुरायची. मग पुढची. जुनं लोखंड आहे, ती स्वतःला सांगायची, उन्हाने फुगतं, वजन हटलं की आवाज करतं. मग ती स्वतः उतरून चढून बघायची. पायरी एकदाच वाजायची.

दुपारी जेवून तो खाटेवर पडायचा. स्प्रिंगची खाट होती, लग्नातली. तो उठला की खाट कुरकुरत वर येई, हे जन्माचं ठरलेलं. एका दुपारी तो उठला, खाट वाजली, तो माठापाशी गेला, पाणी ओतलं, प्यायला. मग खाट वाजली.

काटेवाली समोर कपड्यांच्या घड्या करत बसली होती. तिने मान वर केली नाही. मान वर केली तर काहीतरी दिसेल याची तिला भीती नव्हती. काही दिसणार नाही आणि गादीतला खळगा तेवढा सावकाश भरून येत असेल, याची होती.

तो वाळत चालला होता. पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग त्याच्याही पुढे आणखी एक. चालताना डावीकडे झुकायचा, भिंत धरून बसायचा. शर्ट धुताना तिला डाव्या खांद्यावर आडव्या चुण्या दिसायच्या, चार, एकीखाली एक, कुणी तिथलं कापड दिवसभर धरून ठेवल्यासारख्या. इस्त्री केली तरी दुसऱ्या दिवशी त्या परत यायच्या.

"पाय जड झालेत गं," एवढंच तो म्हणायचा.

५

एकदा माल उतरवून झाल्यावर, गर्दी पांगली तेव्हा, ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "उभे राहा बरं जरा काट्यावर. किती वाळलात बघू तरी."

तो उभा राहिला. लग्नाआधी तो अडुसष्ट किलो होता. आता साठ असेल नसेल. तिच्या नजरेला तेवढी पारख होती. तबकडीवरची सुई साठच्या पुढे गेली. शंभरच्या पुढे गेली. एकशे तेहेतीसला जाऊन थांबली, आणि थांबली म्हणजे काय, तिथल्या तिथे हलत राहिली. नवऱ्याचा श्वास तिच्या ओळखीचा होता, बावीस वर्षं शेजारी ऐकलेला. सुई त्याच्याबरोबर वरखाली होत होती. आणि मधे मधे, त्याने श्वास धरलेला असताना, दुसऱ्याच कुठल्यातरी लयीने.

तबकडी तिच्याकडे तोंड करून होती. त्याला दिसत नव्हती.

"किती?"

"साठ," ती म्हणाली. अठरा वर्षांत त्या काट्यावर तिने सांगितलेलं ते पहिलं खोटं वजन.

"साठच?" तो खाली उतरला. "मला वाटलं जास्त भरेल."

६

त्या रविवारी ती मामाकडे गेली. कुणाशी तरी बोलायला हवं होतं, आणि मामाखेरीज तिला दुसरं कोण होतं. दार मामेभावाने उघडलं.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षं तो दुसऱ्या बंदरावर कुणाच्या तरी बोटीवर कामाला होता आणि गेल्या वर्षी परत आला तेव्हा त्याला ओळखू येत नव्हतं. गाल आत गेलेले, एका बाजूला कललेला. पाठीचं दुखणं आहे, असं मामीने सगळ्यांना सांगितलं होतं. तो खोलीतून बाहेर यायचा नाही. आज तो सरळ उभा होता. गाल भरले होते. "ताई, बस ना," म्हणाला आणि माळ्यावरून खुर्ची आणायला शिडी धडाधड चढून गेला.

"औषध लागू पडलं," मामी म्हणाली, आणि तिच्याकडे न बघता आत गेली. काटेवाली त्या घरात वाढत असताना मामी तिच्यावर हजार वेळा ओरडली होती, कधी तिने चापटही मारली होती, पण नजर कधी चुकवली नव्हती.

"कधीपासून बरं वाटतंय तुला?" तिने मामेभावाला विचारलं.

त्याने तारीख सांगितली. अगदी तारीख.

ती चहाला थांबली नाही. घरी येऊन तिने कपाटातून बोटीचे कागद काढले आणि पहिल्यांदा वाचले. ओळन् ओळ, चिठ्ठी वाचतात तसे. पहिल्या पानावर दलालाचं नाव होतं. तिसऱ्या पानाच्या मागे, शिक्क्याखाली, विकणाऱ्याचं नाव होतं. ते तिच्या मामेभावाचं होतं. शेजारी साक्षीदार म्हणून मामाची सही होती, वळणदार, शाळेत तिच्या प्रगतिपुस्तकावर असायची तशी. सहीखाली तारीख. मामेभावाने सांगितलेलीच.

तिच्या पायाखालची जमीन सरकली वगैरे काही नाही. ती कागद नीट घडी करून परत ठेवत राहिली. घडी बसेना. चार-पाचदा केली.

७

मामाच्या शेडमध्ये राळेचा उग्र वास कायमचा मुरलेला असे. तो तोंडाला फडकं बांधून एका होडक्याच्या बुडाला थर देत होता. तिने कागद समोर धरले नाहीत. तिचा चेहरा बघूनच त्याने फडकं खाली ओढलं.

"त्या दिवशी खणापाशी ठोकलंस तेव्हा काय ऐकलंस?"

मामाने ब्रश थरावरून उचलला.

"मी एकदा ठोकलं," तो म्हणाला. "दोनदा वाजलं."

मग तो बोलला, तुटक तुटक. पोराने ती बोट हौसेने घेतली होती, घरी न सांगता. ज्याच्याकडून घेतली तो माणूस सही करताना हसत होता म्हणे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते काय आहे, कुठून आलं, मामाला ठाऊक नव्हतं. पोराला रोज थोडा थोडा मरताना बघत होता, एवढंच ठाऊक होतं. आणि हे की ज्याच्या नावावर बोट, त्याच्याकडे ते जातं, कधी बोटीत बसतं, कधी त्याच्या अंगावर.

"तू स्वतःच्या नावावर का नाही करून घेतलीस?"

ब्रशवरची राळ घट्ट होत चालली होती. मामाने तो डब्यात बुडवला नाही, खालीही ठेवला नाही.

"भीती वाटली, पोरी."

"आणि मग मी सापडले."

"नाही," मामा एकदम म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं, आणि त्या नजरेत दुखावल्याचा भाव होता, तिने त्याच्यावर भलताच आळ घेतल्यासारखा. "तुझ्यावर येऊ नये म्हणून तर एवढी काळजी घेतली. दलाल तुझं नाव घालत होता. मी म्हटलं नाही, जावयाच्या नावावर करा. तुला काही होऊ दिलं असतं का मी?"

 तो खरं बोलत होता. त्याच्या हिशेबाने त्याने दोन्ही पोरं वाचवली होती.

"विकून टाका," तो हळू आवाजात म्हणाला. "गिऱ्हाईक बघतो मी. कुणी आलं तर ठोकून दाखवतो, चांगली आहे सांगतो. माझ्या शब्दावर घेतील."

"घेतील ना," ती म्हणाली. "मी घेतलीच की."

८

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो हसेल, चिडेल, निदान दचकेल. त्याने नुसतं ऐकून घेतलं.

"बोलत नाही तो," शेवटी तो म्हणाला. "त्रासही देत नाही. नुसता टेकून बसतो." मग डावा खांदा चोळत, "दमलाय फार, असं वाटतं."

गिऱ्हाईक आठ दिवसांत आलं. तरुण जोडपं होतं. मामाने ठोकून दाखवलं, खाली उभा राहून, हात लांब करून. मुलगा खूश झाला. त्याची बायको मात्र धक्क्यावर काटेवालीपाशी आली. "ताई, तुम्ही इथे काट्यावर बसता ना? लोक म्हणतात, तुमच्या शब्दात फरक नसतो. तुम्ही सांगा, घेऊ का?"

नवरा बोटीच्या कठड्याला धरून उभा होता. तिच्याकडे बघत होता. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. आता मागत होता, तोंड न उघडता.

"घेऊ नका," ती म्हणाली. "हिचं वजन जमत नाही."

ते दोघे निघून गेले. मामाही गेला. नवरा जिना चढून वर आला, एक एक पायरी दोनदा वाजवत, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दोन दिवस तो तिच्याशी अवाक्षर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली,

"माझ्या नावावर करू."

हे तिने मनापासून म्हटलं होतं. पण माणसाचं मन एका तळाचं कुठे असतं. तो म्हणेल, वेडी आहेस का, असंही तिला वाटत होतं. तो ताट बाजूला सारेल, हात धरेल, म्हणेल की काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे. ते शब्द ऐकायला ती श्वास धरून बसली होती. ते ऐकले असते तर तिने आनंदाने सही केली असती.

नवऱ्याने घास गिळला.

"कार्यालय किती वाजता उघडतं?" त्याने विचारलं.

९

बंदर कार्यालयात दुपारी शुकशुकाट होता. एक पंखा, एक कारकून, भिंतीला लागून एक लांब बाकडं. कारकुनाला आश्चर्य वाटलं. घरातल्या घरात कशाला नाव बदलता, म्हणाला. नवरा म्हणाला, हिची हौस.

तिने आधी सही केली. मग कागद त्याच्यापुढे सरकवला. तो टेबलावर वाकला. ती बाकड्यावर बसून त्याच्या पाठीकडे बघत होती. शर्ट ओला झाला होता, आणि डाव्या खांद्यावर त्या चार चुण्या होत्या, खोल, ताणलेल्या. त्याने नाव लिहिलं. आडनाव लिहिलं. खाली रेघ ओढली.

चुण्या सैल झाल्या. एकदम नाही. आधी करंगळीची, मग तिच्या शेजारची, एकामागोमाग एक, कुणीतरी झोपाळलेपणी पकड सोडावी तशा. शर्टाचं कापड वर आलं आणि पंख्याच्या वाऱ्याने फडफडलं. क्षणभर, त्याच्या खांद्यापासून बाकड्यापर्यंतच्या जागेत, तिला वाटलं की उजेड कशाला तरी वळसा घालून येतोय. काहीतरी वाकलेलं, लहानसं, थकलेलं, आधार शोधणारं. डोळ्याची पापणी लवायच्या आत ते गेलं.

मग तिच्या डाव्या खांद्यावर वजन आलं. गार नव्हतं, गरम नव्हतं. त्र्याहत्तर किलो, तिने मनात म्हटलं, सवयीने.

नवरा सरळ झाला. त्याने खांदा गोल फिरवून बघितला, पुन्हा फिरवला. त्याच्या तोंडावर जे पसरलं ते आवरायचा त्याने प्रयत्न केला, हे तिने बघितलं. आवरलं नाही. तो हसत होता.

"मी जरा मोकळ्या हवेत जातो," तो म्हणाला. तिच्याकडे बघून नाही, कारकुनाकडे बघून.

शिक्का मारायचा होता, पावती व्हायची होती. ती खिडकीशी बसून राहिली. खाली आवारातून तो जाताना दिसत होता, हात हलवत, लांब लांब ढांगा टाकत, बावीस वर्षांपूर्वी तिला बघायला आला होता तेव्हासारखा. लोखंडी फाटकापाशी तो थांबला. तिला वाटलं, आता वळेल. तिने हातही थोडा वर उचलला.

तो वळला. पण खिडकीकडे त्याने बघितलं नाही. बाहेर पडून त्याने फाटक ओढून घेतलं, कडी घातली, आणि ती नीट बसली का, ते दोनदा हलवून बघितलं.